बाभळीवरचं लुगडं

ऊनकुंड
ता. १८ फेब्रुवारी १९७४

चि. नत्थूस,
थोरली बहीण वच्छलाबाई हिचे अनेक आशीर्वाद.

पोचले. यापेक्षा चांगलं कळवण्यासारखं काही नाही. पांढरकवड्यापर्यंत एक एसटी, पुढे दुसरी एसटी, आणि शेवटचे चार मैल बैलगाडी. गुडघे बरे करायला निघाले आणि वाटेतच ते दुप्पट दुखायला लागले.

इथे कुंडात उतरायला एकोणीस पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवरचं पाणी एकोणीस पायऱ्या खाली ठेवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. पाणी चटका बसेल इतकं ऊन. वास असा, की कोणाच्या तरी टोपलीत नासकी अंडी फुटली असावीत. धर्मशाळेचे भैय्याजी म्हणतात, तो गंधकाचा वास, गुण त्यातच आहे. त्यांचा नेम असा: एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, खाडा न करता. एक वेळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. साबण नाही, तेल नाही, जेवणात मीठ नाही. अळणी वरण खाऊन माणूस बरा होत असेल, तर तो कंटाळूनच होत असेल.

माझ्या खोलीत वणीकडच्या प्रयागबाई आहेत. शेतकरी घरातल्या, जिवाने चांगल्या, पण झोपेतही बोलतात. सासूबाईंनी दिलेलं माझं चांदीचं कडं पहिल्याच आंघोळीत कोळशासारखं काळं झालं. मी ओरडले, तर त्या म्हणाल्या, "हे पानीच तसं हाय वं बाई, चांदीले खाते." हे आधी सांगायला काय झालं होतं? त्यावरून आठवलं, मी निघाले तेव्हा अनुसयाच्या पायातल्या तोरड्याही अशाच काळ्या पडलेल्या दिसल्या. तिला म्हणावं, चिंच लावून घास. अक्षय्य तृतीयेला लग्न आहे, आणि पोर तोरड्या घासत नाही. तिची आई गेल्यापासून तिची वेणीफणी मी केली, पण सवयी सगळ्या तुझ्याच लागल्या.

आणखी एक. उमरेडच्या लोकांनी, तिच्या होणाऱ्या सासरच्यांनी, तिला संक्रांतीचं लुगडं पाठवलं, त्याला महिना उलटला. मला ते अजून दिसलं नाही. विचारलं की पेटीची किल्ली सापडत नाही म्हणतोस. घरात माग होता तोवर आपल्याकडे लुगडं आलं की आधी सगळी आळी काठ बघून जायची. आता तू सदर बाजारातल्या दुकानात मिलचं कापड गजाने मोजतोस, तुला कशाचं काही राहिलं नाही. आणि मी इथे यायचं म्हटल्यावर इतकं नको नको का करत होतास, तेही कळव.

तुझी,
बाई

*

नागपूर
ता. २१ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप बाईस,
नत्थूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. मी सांगत होतो की तिकडे जाऊ नको. तिळाचं तेल गरम करून शेकलं असतंस तर घरबसल्या गुण आला असता. पण तू कोणाचं ऐकलंस? अजूनही परत ये. एकवीस दिवसांचं काही खरं नसतं, ते धर्मशाळा भरलेली राहावी म्हणून काढलेलं आहे.

लुगडं पेटीत आहे. हिरवं आहे. काठ चांगला आहे. लुगड्यात बघण्यासारखं आणखी काय असतं? तू आलीस की दाखवीन. अनुसया मामाकडे गेली होती तिथल्या विहिरीच्या पाण्याने तोरड्या काळ्या झाल्या असतील. घासायला सांगतो.

तिथे जपून राहा. उगाच फिरत बसू नको. कुंडामागच्या बाभळीकडे तर मुळीच जाऊ नको, पायात काटा मोडेल. दुकानात लग्नसराईची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझा,
नत्थू

*

ऊनकुंड
ता. २४ फेब्रुवारी १९७४

चि. नत्थूस आशीर्वाद.

कुंडामागे बाभळ आहे हे तुला कोणी सांगितलं? मी इथे आठवडाभर राहून मला ती दिसली नव्हती. तू जाऊ नको म्हणालास, म्हणून गेले. गेले ते बरं झालं, नाहीतर आपण फसलो असतो. हे पत्र दार लावून वाच.

त्या बाभळीवर लुगडी टांगलेली आहेत. पाच-पन्नास असतील. उन्हापावसाने विरलेली, काही नुसत्या चिंध्या. मी प्रयागबाईंना विचारलं, हा काय प्रकार? त्या म्हणाल्या, "काहून वं बाई, तुले मालूम नाही? तू गुडघेवाली, तुले नाही लागत. चामडीवाले लोक पहिल्या आंघोळीचं लुगडं घरी नाही नेत. थ्या बाभळीवर सोडून द्याचं. अन् जुनं नाही चालत. कोरं पाहिजे, घरातलं सगळ्यात चांगलं. फाटकं टाकलं तं रोग बी अर्धाच सुटते." त्यांनी स्वतःचं पोचमपल्ली पातळ सोडलं आणि दोन दिवस रडत होत्या. हाताला खाज ती आहेच.

मी विणकराची पोर. इतकी लुगडी एका जागी दिसल्यावर काठ बघितल्याशिवाय कशी राहीन? बघता बघता एकापाशी थांबले. काळं लुगडं, लाल करवतकाठ, रंग अजून ताजा. फार तर महिन्याभराचं. करवतीचा दर तिसरा दात आखूड. पदर उलटून बघितला, तर अगदी शेवटी दोन पिवळे धागे.

नत्थू, ते धागे मला ठाऊक आहेत. साक्षगंधाच्या दिवशी नवऱ्या मुलाची आई, उमरेडच्या कुसुमावतीबाई, माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्या स्वतःच्या मागावरच्या लुगड्याची तारीफ केली, तेव्हा त्यांनी स्वतःचा पदर उलटून मला ते धागे दाखवले होते. म्हणाल्या, "विकाच्या मालाले हे नाही घालत आमी. घरच्या बाईचं लुगडं असलं तं घालतो."

म्हणजे त्यांच्या घरातली कोणी बाई महिन्याभरापूर्वी इथे येऊन गेली. भैय्याजींना विचारलं, महिन्याभरात कोण येऊन गेलं? ते नावं सांगत नाहीत, तेवढा एक चांगला नेम आहे. पण म्हणाले, एक तरुण बाई होती, अंगावर कोड होतं, बरोबर एक पुरुष माणूस होता, आणि कोणाला कळू नये म्हणून दोघं तीनच दिवस राहून गेली. ती नवरदेवाची, ताराचंदची बहीण असेल, नाहीतर त्याच्या थोरल्या भावाची बायको असेल. त्याचे वडील गुलाबचंदजी साक्षगंधाला चार तास बसले, चार वेळा चहा प्याले, आणि घरात कोड आहे हे एकदाही बोलले नाहीत. असल्या डागाची बाई लपवून ठेवणाऱ्या घरात मी आपली पोर द्यायची नाही. उद्या तिच्या मुलांना झालं तर? लग्न मोड. लगेच मोड.

तुझी,
बाई

*

नागपूर
ता. २७ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप बाईस नमस्कार.

बाई, तुला हात जोडतो. यातलं एक अक्षर कोणाला लिहू नको, बोलू नको. प्रयागबाईंनाही नको.

दोन धाग्यांवरून कोणाचं घर ठरतं का? ते लुगडं त्यांनी कोणाला विकलं असेल. चोरीला गेलं असेल. तुझी नजर आता पूर्वीची राहिलेली नाही, पिवळे म्हणतेस ते मळलेले पांढरे असतील. आणि असलं समजा कोणाच्या अंगावर कोड, तर ती काय चोरी झाली? सदरच्या डॉक्टरने सांगितलं आहे की ते लागट नाही. एका माणसाचं दुसऱ्याला होत नाही. हिरव्या पानावर पांढरे ठिपके येतात तसं येतं, त्यात त्या मुलीचा काय दोष? तू "असल्या डागाची बाई" असं लिहिलंस. मला ते पुढे वाचवेना.

लग्न मोडायचं नाही. तू गुडघे सांभाळ आणि बाभळीकडे जाऊ नको.

तुझा,
नत्थू

*

ऊनकुंड
ता. २ मार्च १९७४

चि. नत्थूस आशीर्वाद.

कमाल आहे तुझी. तुझ्या पोरीसाठी मी जिवाचा आटापिटा करते, आणि तू उमरेडच्या लोकांची वकिली करतोस. तुला सदरच्या डॉक्टरकडे जायची वेळ कधी आली होती? दुकान सोडून तू स्वतःच्या तापालाही कधी डॉक्टरकडे गेला नाहीस. माझ्या नजरेला नावं ठेवतोस? आजही दहा हातांवरून मी मिलचा काठ आणि मागाचा काठ वेगळा सांगते.

तुझं पत्र यायच्या आधीच मी जे करायचं ते करून चुकले. तू घाबरट, तुझ्याने बोलवणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून तुला लिहिलं त्याच दिवशी मी कुसुमावतीबाईंनाही लिहिलं. तुमच्या घरची खूण असलेलं काळं लुगडं इथे रोग्यांच्या बाभळीवर टांगलेलं आहे, ते कोणाचं, हे सांगा, आणि उत्तर नसेल तर आमच्या मुलीचा विचार सोडा. झालं. आता तुला काही बोलावं लागणार नाही.

पाणी तसंच ऊन आहे. गुडघे तसेच आहेत. भैय्याजी म्हणतात, गुण नंतर येतो. नंतर म्हणजे मी घरी गेल्यावर का?

तुझी,
बाई

*

नागपूर
ता. ३ मार्च १९७४

तीर्थरूप आत्याबाईस,
अनुसयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा लिहायला बसतात आणि पेन खाली ठेवतात. चार कागद फाडले. म्हणून मीच लिहिते.

आत्याबाई, ते लुगडं माझं आहे.

माझ्या डाव्या दंडावर, कोपराच्या वर, दिवाळीनंतर एक पांढरा डाग उठला. आता रुपयाएवढा आहे. पोलक्याची बाही लांब केली की दिसत नाही. बाबांनी डॉक्टरला दाखवलं. त्यांनी सांगितलं की लागट नाही, भिऊ नका, पण हमखास जाईल असं औषधही नाही. मग दुकानात कोणीतरी बाबांना ऊनकुंडाचं सांगितलं. जानेवारीच्या शेवटी मामाकडे जातो म्हणून आम्ही तिथेच गेलो होतो. भैय्याजींनी कोरं लुगडं सोडायला सांगितलं. माझ्याकडे कोरं असं एकच होतं, उमरेडहून संक्रांतीला आलेलं. मी नको म्हणाले. बाबा म्हणाले, तू बरी झालीस तर अशी दहा घेईन. त्यांनीच ते बाभळीवर टाकलं. ते हिरवं कधीच नव्हतं. तुम्हाला सांगायचं नाही असंही बाबाच म्हणाले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

तुमचं चोवीस तारखेचं पत्र मी वाचलं. बाबांनी ते कोटाच्या खिशात ठेवलं होतं. मी कोट धुवायला काढला होता.

गुरुवारी संध्याकाळी कुसुमावतीबाई एकट्याच आल्या. उमरेडहून, हातात तुमचं पत्र. दारातूनच बाबांना म्हणाल्या, "कोनाच्या घरी कोड हाय म्हनते तुमची बहीण? दाखवा मले. माया घरातल्या बाया मोजून घ्या." बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. मला ते बघवलं नाही. मी बाही वर करून त्यांच्यापुढे हात धरला आणि सांगितलं, "आमच्याच घरी हाय जी. लुगडं मीच सोडलं."

त्यांनी माझा हात दिव्याकडे वळवून बघितला. मग बाबांना विचारलं, "हे पहिले काहून नाही सांगतलं?"

बाबा म्हणाले, "लग्न मोडलं असतं जी."

"मोडाचं का नाही थे आमी पाहू ना. आमच्या वतीनं तुमीच ठरवून बसले?"

रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. जेवल्याही. सकाळी मला घेऊन स्वतः सदरच्या डॉक्टरकडे गेल्या आणि त्यांना एकच प्रश्न चार वेळा विचारला. डॉक्टर वैतागले. येताना रिक्षात माझा हात त्यांच्या मांडीवर होता आणि त्या डागावरून बोट फिरवत होत्या, आपण काठ तपासतो तसं. मला रडू आलं, तर म्हणाल्या, "रडून काय होते? पोराले मी सांगते. थो काय म्हनते थे कळवते. त्याचं त्यालेच बोलू द्या." मग एकदम मला म्हणाल्या, "डागाचं मी समजून घेईन. पन लुगड्याचं नाही समजत. अकरा दिवस बसली मी त्याच्यावर, मोतीबिंदूचे डोळे घेऊन. घरच्या बाईचे धागे घातले तुले. अन् तुमी थे काट्यावर टाकून आले?"



आज त्यांचा माणूस निरोप घेऊन आला. ताराचंद म्हणतात, त्यांची हरकत नाही, फक्त खोटं सांगितलं ते बरं केलं नाही. कुसुमावतीबाई येत्या रविवारी, दहा तारखेला, लग्नाचं पुन्हा पक्कं करायला येणार आहेत. पण त्यांनी बजावलं आहे की लुगडं घरात दिसलं पाहिजे. ते अंगावर घेऊन मी समोर आले तरच त्या बसतील, नाहीतर दारातून परत जातील. बाबांना दुकानातून सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली तरी त्या बाभळीसमोर पुन्हा उभं राहण्याचं बळ त्यांच्यात नाही. ते अजून म्हणतात, सोडलेलं परत आणलं तर डाग वाढेल.

तुमचे एकवीस दिवस रविवारीच पुरे होतात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही या असं मी म्हणत नाही. नुसतं कळवते.

तुमची,
अनुसया

*

ऊनकुंड
ता. ७ मार्च १९७४

चि. अनुसयेस,
आत्याचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळच्या टपालात आलं. हे पत्र आणि मी बहुतेक एकाच गाडीने पोचू. तरी लिहिते, कारण तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

चोवीस तारखेला मी जे लिहिलं ते तुझ्याबद्दल होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून ते कमी वाईट होत नाही. ते ताराचंदच्या बहिणीबद्दल असतं तरी तितकंच वाईट होतं. मी आता दिवसभर तेच आठवते आहे आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं आहे. तू ते वाचलंस, आणि वर मला शिरसाष्टांग नमस्कार लिहिलास. पोरी, असं करू नये. एक शिवी तरी घालायची होतीस.

तुझ्या तोरड्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. माझं कडं काळं झालं तेव्हाही मला उमजलं नाही. दहा हातांवरून काठ ओळखते म्हणून मिरवते, आणि जिची वेणी घातली तिच्या पायाकडे बघून काही कळलं नाही.

पत्र वाचून झालं तशी मी भैय्याजींकडे गेले. म्हटलं, शिडी द्या. ते म्हणाले, "बाई, एकदा सोडलेलं परत नाही नेत. रोग परत येते."

मी म्हटलं, "येऊ द्या. थो गेलाच कुठं होता?"

त्यांनी शिडी दिली नाही. एकोणीस पायऱ्यांखाली औषधाचं पाणी ठेवून बसलेल्या माणसाकडून मी आणखी काय आशा करणार? मग प्रयागबाईंनी बैलगाडीवाल्याला गाठून गाडी बाभळीखाली उभी करवली, आणि मी गाडीत चढून तिच्या कठड्यावर उभी राहिले. प्रयागबाई खालून माझे पाय धरून ओरडत होत्या, "बाई, तुले गुडघे हायेत का नाही?" आहेत गं बाई, आहेत. अठरा दिवस मी त्यांच्यासाठीच तर अळणी खाल्लं. लुगडं निघता निघेना, एकेक काटा सोडवावा लागला. पदराजवळ दोन ठिकाणी फाटलं. माझे हात ओरबाडले ते सोड.

मी उतरल्यावर प्रयागबाईंनी स्वतःचं पोचमपल्लीही काढून घेतलं. म्हणाल्या, "खाज तं गेलीच नाही, पातळ काहून जाईल?"

लुगडं कुंडातल्याच ऊन पाण्यात धुतलं, भैय्याजींच्या डोळ्यांदेखत, आणि साबण लावून. दुपारी दोन्ही फाटलेल्या जागा रफू केल्या. धागा आतल्या घडीतून ओढून घेतला, त्यामुळे कळणार नाही. पण कुसुमावतीबाईंना कळेल, त्यांना कळू दे. विचारलं तर सांग, माझ्या आत्याने केलं. दोन पिवळ्या धाग्यांना मी हात लावलेला नाही. ते जसे त्यांनी घातले तसेच आहेत. त्यांनी तुला घरची बाई संक्रांतीलाच ठरवलं होतं, हे आम्हा दोघा भावा-बहिणींना सोडून सगळ्यांना समजलं.

तीन दिवस उरले होते, ते उरले. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं म्हणे. भैय्याजींनाच मोजू दे. उद्या पहाटेची गाडी धरते, शनिवारी घरी पोचते. रविवारी बाही आखूड असलेलं पोलकं घाल. लपवायचं आता काही नाही, आणि तुझ्या बापाने लपवून आपलं काय भलं केलं ते बघितलंच.

त्याला ओरडू नकोस, मीच ओरडेन. बाकी काही नको, एवढंच सांगून ठेव, की बाई लुगडं घेऊन येते आहे, आणि ते काळं आहे.

तुझी,
आत्या